बिनहुकूम

गोंदियाच्या नगरपालिकेच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. १९५३ सालच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी त्या फळ्यावर साऱ्या जगाची बातमी म्हणून एवढंच लिहिलं होतं: 'काल सायंकाळी मंडळाचे अध्यक्ष श्री. छोटेलालजी यांनी चार बदाम बोलून पाच केले. हार्दिक अभिनंदन.'

उदारामने ती बातमी उभ्याउभ्या तीनदा वाचली. त्याच्या मागे बिडी कारखान्यातून नुकतीच सुटलेली वीस-पंचवीस माणसं उभी होती, त्यात निम्म्याहून जास्त बाया. बोटांची टोकं पिवळी, लुगड्यांना तंबाखूचा वास. दिवसभर तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसल्यामुळे सगळ्यांचे गुडघे आखडलेले.

"का लिहिलं आहे, भाऊ?" त्यांतल्या रुख्माने विचारलं.

"छोटेलाल शेठनं चार बदाम बोलून पाच केले."

"खाल्ले?"

"खाल्ले नाही. केले."

"बदाम का कोनी करते? ते तं झाडाले लागते."

उदारामला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. दाराच्या आत, जिथे रोज संध्याकाळी सतरंजी अंथरलेली असायची, तिथे एक टेबल येऊन बसलं होतं. टेबलावर हिरवं कापड, भोवती चार खुर्च्या आणि खुर्च्यांवर गावातली चार प्रतिष्ठित बुडं टेकलेली. सतरंजी गुंडाळून पाणी पिण्याच्या माठामागे कोंबली होती.

तो फळा सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टपासून उदारामचा होता. त्याला तो कोणी दिला नव्हता, त्याने घेतला होता. नागपूरचं वर्तमानपत्र गाडीने यायचं, संध्याकाळी पाचला कारखाना सुटला की उदाराम सरळ वाचनालयात जायचा, ठळक बातम्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहायचा आणि मग सतरंजीवर बसून पूर्ण पेपर मोठ्याने वाचायचा. ऐकणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनाच अक्षर येत होतं. पण ऐकण्यात सगळे पक्के होते. कोरियातली लढाई थांबल्याची बातमी त्याने वाचली तेव्हा रुख्मा म्हणाली, "जिंकलं कोन?"

"कोनीच नाही."

"मंग केली कायले?"

असा प्रश्न विचारणारं माणूस नगरपालिकेच्या सभेत त्या वेळी एकही नव्हतं.

उदाराम मूळचा नागरा गावाच्या बाजूचा. बाप दुसऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ठेक्याने करायचा. शाळा दुसरीत सुटली, मग सूप आणि पानं कापायची कैंची हाती आली. अक्षरं त्याने पक्की केली ती बिडीच्या कट्ट्यांवरच्या लेबलांवरून, आणि हिंदी शिकला जंक्शनच्या पाट्या वाचून. डोकं तापट. तपासनिसाने चांगल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या, तर त्याच बिड्या मूठभर उचलून तपासनिसाच्या तोंडावर फेकायचा. असे त्याचे दोन कारखाने सुटले होते आणि तिसऱ्यात तो कसाबसा टिकून होता. शिकलेल्या माणसाबद्दल त्याला आदर नव्हता असं नाही. फक्त तो आदर माणूस पाहून द्यायचा, कोट पाहून नाही, असा त्याचा हिशेब होता. वकिलाचा कोट तर त्याने चांगलाच पाहून ठेवला होता.

वकील यादोराव हे ब्रिज मंडळाचे चिटणीस. नगरपालिकेचे सभासदही तेच. नागपूरला एकदा कोणाच्या तरी बंगल्यावर त्यांनी मोठमोठे अधिकारी ब्रिज खेळताना पाहिले होते. तेवढ्यावरून यांनी गणित मांडलं: गोंदियात ब्रिज आला की अधिकारी खेळायला येतील, अधिकारी खेळायला आले की आपल्या शेजारी बसतील, आणि शेजारी बसले की मग काय काय होतं ते वकिलाला सांगावं लागत नाही. अध्यक्ष म्हणून त्यांनी राइस मिलवाले छोटेलाल शेठ धरले. शेठने येताना स्टेशनचे मालबाबू चुन्नीलाल यांना आणलं, कारण वॅगन त्यांच्या हातात. चौथे डॉक्टर रामलाल. त्यांना पत्त्यांचं फार नव्हतं, पण जिथे शेठ तिथे आपण नसलो तर गावात काय म्हणतील या काळजीने ते येत. चार माणसांचा क्लब आणि नाव 'गोंदिया नगर ब्रिज मंडळ'! पाटी लावायला जागा नव्हती म्हणून थांबले, नाहीतर तीही लावली असती.

त्या सोमवारी उदाराम आत गेला.

"वकीलसाहेब, ही खोली वाचनालयाची आहे."

"आहे ना. कोण नाही म्हणतो? वेळ बदलली. सकाळी आठ ते दहा."

"आठ ते दहा आमी सुपाशी असतो."

"मग रविवारी ये."

"रविवारी बंद, असं तुम्हीच लिहून लावलं आहे."

छोटेलाल शेठने पानांवरची नजर न काढता म्हटलं, "अरे भाई, देश आज़ाद हो गया. अब पढ़ के क्या करोगे?"

चौघेही हसले. डॉक्टर जरा उशिरा हसले, शेठ हसल्याची खात्री करून.

उदारामने अर्ज दिला. नगरपालिकेत तो अर्ज घेणारे यादोरावच. त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून त्यांनी तो फायलीत घातला. उदारामने दुसरा दिला, मग तिसरा दिला, तिसऱ्यावर एकवीस अंगठे आणि चार सह्या. तिन्ही 'नोंद घेतली'.

आता बाहेर पायऱ्यांवर पेपर वाचायचा म्हटलं तर थंडीचे दिवस, सहालाच अंधार. कंदील आणला तर वारा. पंचवीसाचे अठरा झाले, अठराचे बारा. बाया म्हणू लागल्या, भाऊ, घरी लेकरं आहेत, थंडीत कुठवर बसायचं. ही मंडळी एकदा पांगली की पुन्हा गोळा होणार नाही, हे उदारामला दिसत होतं. सहा वर्षं एक एक करून बसवलेली माणसं होती ती. शेठच्या मिलमध्ये काय चाललं आहे आणि नागपूरच्या विधानसभेत काय, हे दोन्ही एकाच दमात विचारायला शिकलेली.

मग त्याने एक गोष्ट केली. दारावरची पाटी अजून 'सार्वजनिक वाचनालय' हीच होती. तो रोज साडेपाचला आत जायचा, पेपर घ्यायचा आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा.

"ए उदाराम, इथे खेळ चालू आहे."

"मी वाचक आहे, वकीलसाहेब. पाटी वाचून आत आलो. पाटी बदला, जातो."

पाटी बदलायला ठराव लागत होता आणि ठरावाला बोंब झाली असती. तेव्हा त्यांनी त्याला बसू दिलं, फक्त मोठ्याने वाचायचं नाही अशी ताकीद दिली. तो तासभर मनात वाचायचा आणि मग बाहेर येऊन पायरीवर आठवेल तसं सांगायचा. आणि मनात वाचता वाचता त्याचे डोळे टेबलाकडे जायचे.

बिडीवाल्याला न पाहता मोजायची सवय असते. पंचवीसचा कट्टा बांधताना कोणी एक, दोन, तीन म्हणत नाही, बोटंच सांगतात. बावन्न पानं म्हणजे दोन कट्टे आणि दोन बिड्या. कोणतं पान गेलं, कोणाकडे काय उरलं, हे दीड-दोन महिन्यांत उदारामच्या डोक्यात आपोआप बसत गेलं. आणि जसजसं बसत गेलं तसतसा तो या चार दिग्गजांवर मनातल्या मनात थुंकत गेला. शेठ मोठं पान हातात आलं की खाकरायचे. चुन्नीलाल वाईट पानं आली की स्टेशनवरच्या हमालांना शिव्या द्यायचे. डॉक्टर कोणतंही पान टाकण्याआधी शेठच्या तोंडाकडे पाहायचे, मग शेठ त्यांच्या विरुद्ध का खेळत असेनात. आणि वकील हरल्यावर अपील करायचे!

"तू तिथं पेपर वाचाले जातो का पत्ते पाहाले?" रुख्माने एकदा त्याला पायरीवर धरलं.

"दोनी."

"आमी भायेर कुडकुडून राहिलो अन् तू आत पानं मोजून राहिला. चांगलं आहे, भाऊ. आता एक कोट शिवून घे."

हे त्याला लागलं. वकिलाचं बोलणं कधी लागलं नव्हतं तेवढं लागलं. पण त्याने बाक सोडला नाही. बाक सोडला की खोली गेलीच.

चोपन्नच्या सव्वीस जानेवारीला मंडळाने एक राष्ट्रकार्य केलं. वकिलांनी ठराव मांडला: 'स्वतंत्र देशात इंग्रजी बोलीने पत्ते खेळणे लाजिरवाणे आहे.' झालं, स्पेड, ट्रंप, पास, डबल सगळे हद्दपार. पण त्यांच्या जागी आणायचं काय? त्या वेळी आपण मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर, सरकारी कागद हिंदीत आणि मराठीत. शेठ म्हणाले हिंदी. वकील म्हणाले मराठी. दोन दिवस मानापमान झाला आणि शेवटी तोड निघाली: ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलावं. शेठ आणि चुन्नीलाल कायमचे एका बाजूला, ते हिंदी. वकील आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला, ते मराठी. फळ्यावर बातमी लागली: 'मंडळाचे कामकाज आजपासून स्वभाषेत.'

पासला मराठीत 'जाऊ द्या' आणि हिंदीत 'जाने दो' झालं. डबलचं 'दुप्पट' आणि 'दुगुना'. आणि ब्रिजमध्ये एक गडी आपली पानं उघडी मांडून गप्प बसतो, त्याला इंग्रजीत डमी म्हणतात. वकिलांनी शब्द काढला, 'मुका'.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून आवाज आला. डॉक्टर विचारत होते, "आज मुका कोण?" आणि वकील छाती काढून म्हणाले, "मुका मी!"

बाहेर पायरीवर बाया पदर तोंडात कोंबून लोळायच्या बाकी राहिल्या. "जा वं रुख्मे," एक म्हणाली, "वकीलसाहेबापासून घेऊन ये!" "मले नोको," रुख्मा म्हणाली, "डाक्टराले देऊन राहिले, त्याइलेच राहू दे." आत वकिलांना वाटलं, जनतेने स्वभाषेचं स्वागत केलं.

खरा घोटाळा मात्र हसण्याचा नव्हता, आणि तो फक्त कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्याला दिसला. मराठी माणूस पत्त्यात 'हुकूम' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ सर्वांवर चढणारा रंग, मग तो कोणताही असो. कोणताच रंग चढणार नाही, ज्याचं पान मोठं त्याचा हात, असं बोलायचं असेल तर वकील म्हणायचे 'बिनहुकूम'. हिंदीवाल्याचा 'हुकुम' मात्र म्हणजे काळं इस्पिक, आणि चढणाऱ्या रंगाला तो म्हणतो तुरुप. म्हणजे वकील 'बिनहुकूम' म्हणाले की शेठच्या कानाला ऐकू येणार: याच्याकडे इस्पिक नाही. गोंदियाच्या कोणत्याही हमालाला, बिडीवालीला, टांगेवाल्याला हे आईच्या दुधाइतकं ठाऊक असतं, कारण तो सकाळपासून दोन्ही भाषेत बोलतो आणि दोन्ही भाषेत शिव्या खातो. या चौघांच्या लक्षात आलं नाही, कारण एका पक्षाने दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं असतं ही गोष्टच त्यांच्या गावी नव्हती. आपल्या गड्याने काय म्हटलं तेवढं कळलं की झालं.

उदारामने पेपरचं पान उलटलं. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

फेब्रुवारीत वकिलांनी खोली कायमची मंडळाला मिळावी म्हणून एस.डी.ओ. साहेबांकडे, म्हणजे प्रांताकडे, अर्ज टाकला. अर्जाला जोडायला लोकांची हजेरी हवी, म्हणून टेबलाशेजारी एक हजेरीबुक आलं. चार जणांची हजेरी दाखवून खोली कोण देणार? तेव्हा जो आत पाऊल टाकेल त्याची सही घ्यायची, असं ठरलं. उदाराम रोज येत होता. त्याने स्वतः होऊन पेन घेतलं.

"तू कशाला सही करतो रे?" चुन्नीलालने विचारलं.

"मी येतो म्हणून."

"करू द्या," वकील म्हणाले. "आकडा वाढतो."

असा उदाराम ब्रिज मंडळाच्या कागदावर सभासद झाला. मागच्या हजेऱ्या भरून काढल्या तेव्हा तर त्याचं नाव सगळ्यांत वर आलं. बाकीचे चौघे अधूनमधून लग्नाला जायचे, याला कुठलं आमंत्रण?

फाल्गुनातल्या एका शनिवारी साडेचारला साहेबांची जीप आली. साहेब जबलपूरकडचे, नवे, तरुण, ब्रिजचे शौकीन, आणि पदाला शोभेल इतके कंटाळलेले. समोसे, हार, सुगंधी पान, सगळं झालं. कारखान्याला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती, म्हणून रुख्मा आणि दहा-बारा जण खिडकीशी उभे. खोलीचा कागद टेबलावर, साहेबांच्या सहीपुरती जागा ठेवलेला. उदाराम कोपऱ्यातल्या बाकावर पेपर घेऊन. आज काहीतरी बोलायचं एवढं त्याने ठरवलं होतं, काय ते ठरलं नव्हतं.

साहेबांनी हजेरीबुक उलटलं. "ये उदाराम कौन साहब हैं? सबसे ज़्यादा हाज़िरी तो इन्हीं की है."

वकिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी शेठकडे.

"मी," उदाराम उठून म्हणाला.

साहेबांनी त्याचा सदरा पाहिला, बोटं पाहिली, वकिलाचं तोंड पाहिलं. त्यांना मजा वाटली असावी. कंटाळलेल्या अधिकाऱ्याला मजेसारखी दुसरी गोष्ट नाही. "तो फिर इन्हीं के साथ बैठेंगे हम. अध्यक्ष और मंत्री एक पार्टी, हम दोनों एक पार्टी." हिंदीत मंत्री म्हणजे चिटणीस; शेठ आणि वकील पहिल्यांदाच एका बाजूला आले.

नाही म्हणायचं तर हजेरीबुक खोटं म्हणावं लागणार. वकिलांनी स्वतः खुर्ची सरकवली. उदाराम त्या खुर्चीवर बसला. आजवरच्या आयुष्यात त्याच्यासाठी खुर्ची सरकवणारा पहिला माणूस तोच वकील.

ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे गडी, आणि खेळण्याआधी रंगाची आणि हातांची बोली लिलावासारखी चढत जाते. पहिले दोन डाव सरळ गेले. तिसऱ्या डावात वकिलांनी पानं लावली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "एक बिनहुकूम."

उदारामच्या हातात किलवरचा एक्का, राजा, राणी, गुलाम आणि वर आणखी एक लहान पान होतं. त्याने शेठकडे पाहिलं. शेठ खाकरले. मोठी पानं आली होती, आणि तीही काळी, कारण शेठचं बोट सारखं हातातल्या त्या टोकाला फिरत होतं, जिथे ते नेहमी इस्पिक लावायचे. उदाराम शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या."

शेठने विचार केला: यादोराव सांगतो आहे की त्याच्याकडे हुकुम नाही. अरे, मग माझ्याकडे सहा आहेत! "चार हुकुम," ते थाटात म्हणाले.

"जाने दो," साहेब म्हणाले.

वकिलांनी चष्मा काढला. "चार हुकूम? कशाचे चार हुकूम?"

"कशाचे म्हणजे? हुकुम के!"

"अहो, पण हुकूम कोणता?"

"हुकुम! हुकुम कोनता म्हणजे का? हुकुम म्हणजे हुकुम!"

"शेठ, मी बिनहुकूम म्हटलं!"

"तभी तो बोला मैं!"

"बोली के बीच चर्चा मना है," साहेबांनी टेबलावर टिचकी मारली. "आगे."

आता वकिलाला वाटलं, हा मिलवाला साहेबांच्या देखत आपला शब्द खोडून काढतो आहे. कोर्टात न्यायाधीशाने तोडलं तर ते ऐकून घेत, शेठने तोडलेलं कसं ऐकतील? "पाच बिनहुकूम!"

उदाराम म्हणाला, "जाऊ द्या."

शेठच्या मानेवर शिरा आल्या. इतकं सांगून हा पुन्हा तेच रडतो! "छह हुकुम!" साहेबांनी 'जाने दो' म्हणून हात हलवला.

"सात बिनहुकूम!!" वकील उभेच राहिले. सात म्हणजे तेराच्या तेरा हात आपले करून दाखवण्याची भाषा. त्याच्या पुढे बोलीच नाही.

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. उदारामने 'जाऊ द्या' म्हटलं, शेठ आपल्या पाळीला नुसतेच खाकरले. "दुगुना," साहेब म्हणाले.

उदारामने किलवरचा एक्का टाकला. मग राजा. मग राणी, गुलाम आणि ते लहान पान. पाच हात ओळीने त्याचे. शेठ मुका होते, म्हणजे पानं मांडून गप्प बसायचं होतं, पण त्यांचं तोंड एक क्षण बंद नव्हतं: "देखो, ये पड़े हैं हुकुम! सामने पड़े हैं! आँख नहीं है क्या?" वकिलांनी घाईघाईत बदामाची पानं फेकून दिली होती. उदाराम ते मोजतच होता. त्याने बदाम चालवला, साहेबांनी एक्क्याने घेतला, राजाने पुन्हा घेतला. सात हात गेले. उरलेले सहा वकिलांना मिळाले आणि त्यातले पाच शेठच्या त्या काळ्या पानांवर. तेरा बोलून सहा!

"देखा?" शेठ टेबलावर हात आपटून ओरडले. "मेरे हुकुम ने इज़्ज़त रखी!"

"इज़्ज़त? तुमच्या हुकुमाने वाट लावली! भात कांडणाऱ्याला ब्रिज काय कळणार!"

"और झूठी गवाही वाले को कळते का?"

मग जे झालं ते सभ्य माणसांच्या मंडळात होतं तसंच झालं, म्हणजे आधी एकमेकांचा धंदा निघाला, मग बाप. खिडकीशी रुख्मा मंडळींना प्रत्येक वाक्य सांगत होती, मागच्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून.

"लेकिन ये बिनहुकूम बला क्या है?" साहेबांनी उदारामला विचारलं.

"साहेब, मराठीत हुकूम म्हणजे तुमचा तुरुप. हिंदीत हुकुम म्हणजे आमचं इस्पिक. हा म्हणे तुरुप नको, त्याले ऐकू आलं इस्पिक नाही. एका टेबलावर बसून राहिले दोन महिने, एकाले दुसऱ्याचं कळलं नाही."

"तुम्हें कब पता चला?"

"पैल्याच दिवशी."

"बताया क्यों नहीं?"

"मले मोठ्यानं बोलाची मनाई आहे इथं." ठरलं नव्हतं ते आता ठरलं. "आन एक तिसरा हुकूम असते, साहेब. सरकारी. ही खोली वाचनालयाची. यायनं घेतली, कोनाच्या हुकमानं? कागद दाखवा म्हणा. हीच खरी बिनहुकूम."

वकील त्याच्यावर धावून येणार होते, पण शेठ मध्येच कडाडले. "साहब, इस अर्ज़ी से मेरा नाम काटो! जिस मंडल का मंत्री मेरे को भात कांडणेवाला बोलता है, उसका अध्यक्ष मैं नहीं." आणि अध्यक्षांनी अर्जावरची आपली सही स्वतःच्या पेनाने खोडली. चुन्नीलालने शेठची पाहून आपली खोडली. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत बसले.

साहेबांना न्याय करायचा नव्हता. त्यांना ऊन उतरायच्या आत निघायचं होतं. फायलीत अध्यक्ष नसलेला एक अर्ज होता, आणि त्याच्याखाली वकिलांनीच 'नोंद घेतली' म्हणून लावून ठेवलेले तीन जुने अर्ज, एकवीस अंगठ्यांसकट. "शाम पाँच से सात पढ़ाई," ते लिहिता लिहिता म्हणाले, "सात के बाद ताश. बस?"

"दोन्ही भाषेत लिहा, साहेब," उदाराम म्हणाला. "आत्ताच पाहिलं तुमी, एका शब्दानं का होते."

साहेबांनी वर पाहिलं. क्षणभर वाटलं, चिडतील. मग त्यांनी मराठी लेखनिकाला बोलावलं. उदारामने हिंदी आधी वाचलं, मग मराठी वाचलं. मराठीत लेखनिकाने 'शक्य असल्यास' असे दोन शब्द जास्तीचे घातले होते. उदारामने त्यावर पिवळं बोट ठेवलं. ते खोडले गेले, मगच सही झाली.

रुख्मा बाहेर म्हणाली, "आता कोट शिवाची गरज नाही तुले." तिच्याकडून एवढंच मिळालं, आणि ते पुष्कळ होतं.

मंडळाचं पुढे काय झालं म्हणाल तर तेही सांगण्यासारखं आहे. शेठ आणि वकील पुन्हा एका टेबलावर बसले नाहीत. शेठने मिलच्या बंगल्यात 'गोंदिया ब्रिज क्लब' काढला: सभासद शेठ आणि चुन्नीलाल. वकिलांनी आपल्या माडीवर 'नगर ब्रिज मंडळ' चालू ठेवलं: सभासद वकील आणि डॉक्टर. ब्रिजला चार माणसं लागतात. दोन्हीकडे दोन-दोन प्रतिष्ठित माणसं समोरासमोर बसून पत्ते पिसत राहिली आणि तिसरा-चौथा येण्याची वाट पाहत राहिली. दोन्हीकडून उदारामला निरोप आले, वकिलाच्या निरोपात तर त्याला चक्क 'उदारामजी' म्हटलं होतं. त्याने निरोप्याला पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले तसे वकील हुकूम रद्द करायला पोचले. नव्या साहेबांनी कागद पाहिला, दोन्ही भाषेत तंतोतंत सारखा. "सातनंतर कोणत्या क्लबला खोली लागते?" त्यांनी विचारलं. वकील म्हणाले आमच्या. तेवढ्यात शेठचा माणूस दारात, आमच्या. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि शेरा मारला: दावेदार निश्चित होईपर्यंत सातनंतरचा वेळही वाचनालयाकडे. तो दावेदार काही निश्चित झाला नाही. मधे राज्य बदललं, आपण मुंबईत गेलो, मग साठ साली महाराष्ट्रात आलो, तरी झाला नाही.

त्या शेऱ्याची बातमी उदारामने सतरंजीवर बसून वाचून दाखवली. वाचताना त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता, आणि त्याची त्याला लाज नव्हती. चाळीसेक माणसं होती, काही दाराबाहेर. सगळ्यांना वाटलं आता टाळ्या होतील.

रुख्मा गुडघे धरून उठली. "सातानंतरही वाचशील? मंग घरी सैंपाक कोन करन, तुझा वकील?" आणि पदर सावरून पुन्हा खाली बसली. "बरं, वाच. पण लवकर वाच. तांदळाच्या मिलचं जे काय छापलं आहे, ते पैले."